पोकरमध्ये भिडू नसतो

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: नात्यातली माणसं पोकरच्या एका टेबलावर बसली की काय होतं. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या कायद्याने बंदी आली. तेव्हापासून मोबाईलवर खेळणारे बरेच जण गोव्यात प्रत्यक्ष टेबलाला पहिल्यांदाच बसताहेत, असं पत्रांवरून दिसतं. मोबाईलवर निदान प्रत्येक डावाची नोंद राहत होती, कुणी कुणाला चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) सोडल्या हे नंतर शोधता येत होतं. इथे भाऊ समोरच बसलेला असतो आणि नोंद राहते ती बघणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. मी 2009 पासून 13 वर्षं पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर आधी डीलर (पानं वाटणारी) आणि मग फ्लोअरवर, म्हणजे टेबलांवर देखरेख करायला, होते. आता सावंतवाडीत राहते आणि नव्या मुलामुलींना डीलिंग शिकवते. जे लिहिते आहे ते टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

प्रश्न: मी आणि माझा मेहुणा वर्षातून दोनदा गोव्याला जातो. गेल्या खेपेला 100-200 च्या टेबलावर (डाव सुरू करायला दोघांनी घालायच्या सक्तीच्या रकमा 100 आणि 200) रिव्हरला, म्हणजे शेवटचं पाचवं पान उघडल्यावर, आम्ही दोघंच उरलो. माझ्याकडे एक्क्याचा फ्लश होता (एकाच चिन्हाची पाच पानं, त्यात एक्का), बोर्डवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत, जोडी नव्हती, स्ट्रेट फ्लशची शक्यता नव्हती, म्हणजे मी हरूच शकत नव्हतो. त्याने चेक केलं (पैसे न लावता पाळी पुढे दिली), मीही चेक केलं. पानं उघडल्यावर समोरचे एक गृहस्थ भडकले. त्यांनी पानं टर्नलाच, म्हणजे चौथ्या पानालाच, टाकली होती. मेहुण्याचे पैसे मी का घ्यायचे? घरातलेच पैसे. त्यांचं काय गेलं? (एक वाचक, पिंपरी)

तुमच्या मनात वाईट नव्हतं हे पत्रावरून कळतं, पण त्या गृहस्थांचं बरोबर होतं, आणि ते का हे मला नीट सांगायचं आहे.

आपण सगळे पत्ते शिकलो ते मेंढीकोटावर. समोर भिडू बसतो. भिडूचा हात होतोय असं दिसलं की आपला दस्सा त्यावर घालायचा, हे आपल्याला आठव्या-नवव्या वर्षीच कुणीतरी शिकवलेलं असतं. आपल्या माणसाला सांभाळून खेळणं म्हणजेच चांगलं खेळणं, असं मनात पक्कं बसतं. पोकरमध्ये भिडू नसतो. टेबलावर नऊ जण असतील तर प्रत्येक जण बाकीच्या आठांविरुद्ध एकटा. प्रत्येक जण पैसे लावतो ते याच भरवशावर.

आता तुमचाच डाव घेऊ. आकडे तुमच्या पूर्ण पत्रातले, तुम्ही दिलेत तेच. फ्लॉपआधी, म्हणजे पहिली तीन पानं उघडण्याआधी, तिघांनी 600-600 घातले, पॉट (मधली जमा रक्कम) 1,800. फ्लॉपवर तुम्ही 1,200 लावले, दोघांनी कॉल केलं (तेवढेच पैसे घातले), पॉट 5,400. टर्नवर तुम्ही 4,000 लावले, मेहुण्याने कॉल केलं, ते गृहस्थ बराच वेळ विचार करून पानं टाकून गेले. पॉट 13,400. मेहुण्याकडे राजाचा फ्लश होता, म्हणजे रिव्हरला तुम्ही 6,000 लावले असते तर त्याने हसत हसत दिले असते. तुम्ही लावले नाहीत. तो तिऱ्हाईत टेबलात होता तोवर तुम्ही 4,000 चा भाव लावलात, तो उठताच भाव शून्यावर आला. मेहुण्याच्या जागी ते गृहस्थ राजाचा फ्लश घेऊन बसले असते, तर तुम्ही त्यांचे 6,000 सोडले असते का? एकाच टेबलावर एकाच हाताला दोन भाव झाले: घरच्यांसाठी एक, परक्यासाठी दुसरा. ते गृहस्थ हरतात तेव्हा पूर्ण हरतात, मेहुणा हरतो तेव्हा निम्मा हरतो. रात्री 9 पासून पहाटे 4 पर्यंत हे चाललं की कुणाचा खिसा आधी रिकामा होणार?

आणि ते वाचलेले 6,000 कुठे गेले? मेहुण्याच्या पुढ्यातच राहिले. पुढच्या डावात त्याने ते त्या गृहस्थांवरच लावले असणार.

बोटीवर याला 'सॉफ्ट खेळणं' म्हणतात. जरा रागाने बोलणारे 'सेटिंग' म्हणतात. टूर्नामेंट चालवणाऱ्यांची टीडीए ही संघटना 2001 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांत पोकर एकट्याने खेळायचा खेळ आहे असं सरळ लिहिलेलं आहे. सॉफ्ट खेळणाऱ्याच्या चिप्स काढून घेता येतात, त्याला बादही करता येतं. शेवटची बोलायची पाळी आपली, हातात हरूच न शकणारी पानं, आणि तरी चेक, हे दिसलं की कोणताही फ्लोअर मॅनेजर मान वर करतो. नवखा खेळाडू कधी कधी आपली पानं न ओळखूनही चेक करतो, म्हणून आधी विचारतो. तुम्ही तर ओळखली होती.

पुढच्या वेळी दोन वेगळी टेबलं घ्या. एकच टेबल चालू असेल तर 6,000 लावा. गाडीत बसल्यावर मेहुण्याला जेवण घाला.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत राहतो, महिना-दीड महिन्यातून अटलांटिक सिटीला जातो. दोघांचे पैसे एकाच खात्यातले. एका टेबलावर बसणं चुकीचं आहे का? (एक वाचक, एडिसन)

बसणं चुकीचं नाही. नातं असणं हा गुन्हा नाही, आणि नात्यातली माणसं एकमेकांविरुद्ध किती सचोटीने खेळू शकतात याचे दाखले जगाने पाहिले आहेत.

2004 मध्ये लास व्हेगासला दहा निमंत्रितांची एक स्पर्धा झाली. पहिल्याला 20 लाख डॉलर, दुसऱ्यापासून पुढे कुणाला काहीच नाही. त्या दहांत अ‍ॅनी ड्यूक आणि तिचा सख्खा भाऊ हॉवर्ड लेडरर होते. तिघं उरले तेव्हा अ‍ॅनीने भावाला बाहेर काढलं, आणि शेवटी जिंकलीही तीच. खेळायला तिला भावाने उत्तेजन दिलं होतं, हे लक्षात घेऊन हा डाव आठवला की मला अजून भरून येतं. 2010 मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धामालिकेत 50,000 डॉलर प्रवेश असलेल्या स्पर्धेत मायकेल आणि रॉबर्ट मिझराची हे दोघे भाऊ शेवटच्या टेबलापर्यंत एकत्र आले. मायकेल जिंकला, रॉबर्ट पाचवा आला.

या दोन्ही वेळी नातं सगळ्या हॉलला माहीत होतं आणि डाव कॅमेऱ्यापुढे चालले होते. तुम्हाला सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे: नातं झाकू नका. नाव लिहितानाच फ्लोअरला सांगा, 'आम्ही नवरा-बायको आहोत, शक्य असेल तर वेगळी टेबलं द्या.' एकच टेबल असेल तर बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. मी फ्लोअरवर असताना जी जोडपी असं सांगून बसायची त्यांच्याबद्दल तक्रार आल्याचं मला आठवत नाही. ज्यांचं नातं मध्यरात्रीनंतर उघडकीला यायचं, त्यांचे मात्र संध्याकाळपासूनचे सगळे डाव लोक मनात उलटे फिरवून बघायचे.

शेजारी शेजारी बसू नका, पानं उचलताना नजर जातेच. चिप्स एकमेकांना देऊ नका. घरी खातं एक असलं तरी टेबलावर तुमच्या पुढ्यातल्या चिप्स तुमच्याच. नवरा रिकामा झाला तर त्याने खिडकीवर जाऊन नव्या घ्यायच्या. आणि डाव चालू असताना एकमेकांच्या पानांवर चकार शब्द नाही, दोघांपैकी एकाने पानं टाकली असली तरी.

खरी अडचण खात्याची आहे, हे तुम्ही स्वतःच ओळखलंय. त्याच्यावर 200 डॉलरची ब्लफ मारून काय मिळणार, एका खिशातून दुसऱ्यात? असं वाटणार, ते माणसाला वाटणारच. ते वाटणं थांबत नसेल तर एका टेबलावर बसू नका, एवढंच. एकत्र खेळण्याचीच हौस असेल तर त्यासाठी वेगळी स्पर्धा असते, टॅग टीम नावाची. दोघांच्या चिप्स एकच, एका वेळी खुर्चीवर एकच जण. 2017 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अशी एक स्पर्धा आपल्या निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी जिंकली. तिथे भिडू असतो, आणि तो आहे हे समोरच्यांना माहीत असतं.

प्रश्न: दर शनिवारी आम्ही आठ मित्र एकाच्या घरी खेळतो, 20 पौंडांचा बाय-इन (बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम), घरमालक काही कापून घेत नाही. त्यात दोघं सख्खे भाऊ आहेत. एक रेझ करतो (बोली वाढवतो), तिसरा कुणी कॉल करतो, की दुसरा भाऊ पुन्हा रेझ करतो, मग पहिला आणखी चढवतो. मधला वैतागून पानं टाकतो. मग एक भाऊ पानं न दाखवता टाकून देतो आणि दुसरा पॉट ओढतो. आम्हाला बोलायला जीभ रेटत नाही. (एक वाचक, स्लाव, इंग्लंड)

अडकित्त्यात सुपारी सापडते तसा तो मधला माणूस सापडतो. दोघांपैकी एकाकडे खरी पानं असतात, दुसरा नुसता भाव वाढवायला असतो. असा खेळ ठरवून होत असेल तर तो सॉफ्ट प्लेच्या पुष्कळ पुढचा आहे. त्याला संगनमतच म्हणायचं.

पण घाई करू नका. सख्खे भाऊ एकमेकांवर जरा जास्तच चढून खेळतात, ती लहानपणापासूनची चुरस असते. मी असेही भाऊ पाहिले आहेत, जे सगळ्या टेबलाशी समजूतदारपणे खेळायचे आणि एकमेकांपुढे दुर्री-सत्तीवर ऑल-इन व्हायचे, म्हणजे पुढ्यातल्या सगळ्या चिप्स लावायचे. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळतो तो तिसरा उठल्यावर. चुरस असेल तर तिसरा गेल्यावरही दोघं भांडत राहतात, रिव्हरपर्यंत जातात, पानं उघडतात. संगनमत असेल तर तिसरा गेला की भांडण तिथेच मिटतं.

तेव्हा चार शनिवार नुसतं बघा. मधला माणूस गेल्यावर डाव किती वेळा पुढे चालला आणि किती वेळा तिथेच संपला, एवढंच घरी जाऊन वहीत लिहा. कुणाला दाखवू नका.

दरम्यान घरमालकाने सगळ्यांसाठी म्हणून दोन-तीन नियम आणावेत. बसायच्या जागा दर तासाला पत्ते ओढून ठरवायच्या. दोघं ऑल-इन झाले आणि पुढे बोली उरली नाही की दोघांचीही पानं तिथल्या तिथे उताणी करायची. टूर्नामेंटमध्ये हा नियम असतो, आणि तो असल्याने हरणाऱ्याला वाईट पानांवर चिप्स सोडून पानं लपवता येत नाहीत. तिसरा, शोडाऊनला (शेवटी पानं उघडताना) कॉल झालेली पानं डावात असलेल्या कुणीही बघायला मागितली तर दाखवायची. रोज ऊठसूट मागू नका, त्याने लोक दुखावतात, पण मागता येतात हे सगळ्यांना माहीत असू द्या.

वहीतलं चित्र चार आठवड्यांनंतरही तेच असेल तर सगळ्यांसमोर बोलू नका. थोरल्याला एकट्याला गाठा, चहाला बोलवा, आकडे पुढे ठेवा. परदेशात आठ मराठी माणसं दर शनिवारी एकत्र येतात. ते टिकावं म्हणूनच बोलायचं आहे.

प्रश्न: मी 22 वर्षांचा आहे. बाबा आणि मी एका टूर्नामेंटमध्ये होतो. बक्षिसं नऊ जणांना, उरलो होतो दहा. माझ्याकडे अगदी थोड्या चिप्स होत्या, मी ऑल-इन गेलो. बाबांनी राण्यांची जोडी टाकून दिली (हे नंतर घरी सांगितलं). पुढच्या डावात दुसरा कुणी बाहेर गेला आणि मला नववं बक्षीस मिळालं. हे चुकलं का? (एक वाचक, कोल्हापूर)

हो, चुकलं, आणि पहिल्या पत्रातल्यापेक्षा जास्त. रोख खेळात नुकसान हळूहळू झिरपतं. इथे ते एका ठरावीक माणसाचं झालं. जो दहावा म्हणून उठून गेला त्याचं बक्षीस तुझ्याकडे आलं. तुझ्या थोड्याशा चिप्सपुढे बाबांनी राण्या दुसऱ्या कुणालाही टाकल्या नसत्या. बाबांचं पोट तुटलं असणार, मला समजतं. पण तो दहावाही कुणाचा तरी मुलगा होता.

याच्या जवळचा एक प्रकार मात्र चालतो, आणि त्यात लोकांचा फार गोंधळ होतो. एक छोटा खेळाडू ऑल-इन आहे, त्याच्यापुढे दोन मोठे आहेत, आणि ते दोघं आपसात पैसे न लावता शेवटपर्यंत चेक करत जातात. छोटा बाहेर जाण्यात प्रत्येकाचा स्वतःचा फायदा असतो, म्हणून प्रत्येक जण आपल्या डोक्याने तसं खेळला तर कुणी हरकत घेत नाही. पण त्यातला एक जण 'चला, चेक करत जाऊ' असं तोंडाने किंवा खुणेने बोलला की तो दंडाला पात्र झाला.

बाबांना हे पत्र दाखव. पुढच्या वेळी तुझ्याविरुद्ध त्यांनी राण्या खेळाव्यात, आणि तू हरलास तर हात मिळवून उठावंस.

प्रश्न: टेबलावर आम्ही मराठीत बोललो तर डीलरने 'फक्त इंग्रजी किंवा हिंदी' म्हणून अडवलं. हा आपल्या भाषेचा अपमान नाही का? (एक वाचक, ठाणे)

नाही. डाव चालू असताना टेबलावरच्या सगळ्यांना कळेल अशीच भाषा, असा नियम जगभर बहुतेक ठिकाणी असतो. अटलांटिक सिटीत तो इंग्रजीचा असतो आणि तिथे हिंदीलाही अडवतात. टेबलावर नऊच्या नऊ मराठी असतील तर खुशाल मराठीत बोला. दोन डावांच्या मध्ये, पानं कुणाच्याच हातात नसताना, कुठेही मराठीत बोला. का अडवतात ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न: ताई, मी तुमच्याकडेच शिकले, आता सहा महिने बोटीवर डील करते. दोघं नातेवाईक मिळून खेळताहेत असं मला दिसतं. बाकी कुणाच्या लक्षात येत नाही. डीलरने बोलावं का? (एक विद्यार्थिनी)

मी बोलले नव्हते. तेच आधी सांगते.

2011, दिवाळीनंतरचा आठवडा, माझं तिसरं वर्ष. पाच नंबरला हैदराबादचे एक काका बसले होते, राखाडी सफारी, चिप्सच्या पाच-पाचच्या चवडी लावून त्यावर बोटं ठेवायची सवय. एक नंबर आणि सात नंबरला मामा-भाचा, आपल्याच बाजूचे. ते मामा-भाचा आहेत हे फक्त मला कळत होतं, कारण ते मराठीत बोलत होते. भाचा मधून मधून विचारायचा, 'मामा, जेवून घ्यायचं का?' आणि मामा पानं टाकायचा. पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा मामाने पॉटमध्ये 3,000 गेलेले असताना टाकली. तिसऱ्यांदा माझं लक्ष घड्याळाकडे गेलं, पावणेदोन वाजले होते. बुफे केव्हाच बंद झाला होता.

चौथ्यांदा भाच्याने विचारलं तेव्हा माझ्या हातात टर्नचं पान होतं. मामाने टाकली. काका एकटे उरले, त्यांच्याकडे एक्का आणि राजा अशा दोन जोड्या होत्या. त्यांनी सगळ्या चवडी पुढे ढकलल्या. भाच्याने तीन राण्या उघडल्या. काकांनी तिसऱ्यांदा 20,000 घातले होते, ते गेले. उठताना त्यांनी शेवटची एक चिप माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, 'बेटी, अच्छा बाँटती हो.'

ब्रेकमध्ये मी वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी विचारलं, 'तक्रार कुणी केली का?' कुणी केली नव्हती. विषय संपला. आपल्याला हे उत्तर का मिळतं तेही समजून घे. रूलेटवर कुणी लबाडी केली तर पैसे घराचे जातात, म्हणून कॅमेरे तिकडे वळतात. पोकरमध्ये घर, म्हणजे कॅसिनो, पॉटमधून आपला रेक (ठरलेला वाटा) घेतं, पॉट मामाने नेला काय नि काकांनी नेला काय. लुबाडला जातो तो शेजारी बसलेला, आणि त्याला कळतच नसतं. टेबलावर दोन्ही बाजू दिसणारी एकटी तू असतेस.

म्हणून बोल. आरोप करू नकोस, 'हे मिळालेत' असं म्हणू नकोस, ते तुझं कामही नाही. पान वाटायचं थांब, डावातली पानं आणि पॉट आहे तसा ठेव, टाकलेली पानं गड्डीत मिसळू देऊ नकोस, हात वर कर आणि मोठ्याने 'फ्लोअर' म्हण. फ्लोअर आला की जे ऐकलंस तेवढंच सांग, जसंच्या तसं: 'एक नंबर सातला मराठीत असं असं म्हणाला.' अर्थ लावायचं काम त्याच्यावर सोड. डावाच्या मध्ये थांबवणं शक्य नसेल तर डाव संपल्याबरोबर बोलाव. आणि त्याच रात्री, घरी जायच्या आधी, टेबल नंबर, जागा, वेळ आणि शब्द कागदावर लिहून दे आणि दिलेल्या कागदाचा फोटो स्वतःकडे ठेव. चित्रण कायम साठवून ठेवत नाहीत. पंधरा दिवसांनी काकांसारख्या कुणी विचारलं तर निदान कुठली रात्र आणि कुठलं टेबल शोधायचं हे सांगता आलं पाहिजे.